बेसाल्टमधल्या बोअरची भिंत वाचताना: कॅमेरा, टेलिव्ह्यूअर आणि खोदकामाची वही

बोअरमध्ये कॅमेरा सोडला की भेग दिसते. त्या भेगेतून पाणी येते की नाही, हे मात्र नुसत्या चित्रावरून ठरत नाही. पैसे वाया जातात ते बहुतेक वेळा इथेच. महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून अधिक भाग बेसाल्टने व्यापलेला आहे. या खडकाच्या अंगात पाणी मुरत नाही. ते साठते आणि वाहते ते मुरमात, लाव्हाच्या दोन थरांच्या सांध्यात आणि भेगांत. साठ मीटरच्या बोअरमध्ये दहा-बारा भेगा सहज मोजता येतात, पण पाणी त्यांतल्या एक-दोनच देतात. त्या एक-दोन ओळखायच्या तर भिंतीचे चित्र आणि खोदताना ठेवलेली वही शेजारी ठेवून वाचावी लागतात. एक नसेल तर दुसरे अर्धेच उपयोगी पडते.

पुढची रीत हवेच्या दाबावर चालणाऱ्या डीटीएच (डाउन-द-होल, म्हणजे बोअरच्या तळाशीच ठोके मारणाऱ्या) हॅमरने खोदलेल्या साडेसहा इंची, म्हणजे १६५ मिमी व्यासाच्या बोअरसाठी आहे. महाराष्ट्रात घर, शेती आणि गावच्या पाणीयोजनेसाठी हाच व्यास सर्रास वापरला जातो.

खोदता खोदता चित्र मिळते का?

तेलविहिरींत मिळते. तिथे खोदकामाच्या रॉडच्या साखळीतच, बिटच्या, म्हणजे खडक फोडणाऱ्या टोकाच्या, थोडे वर, विद्युतरोध मोजणारे उपकरण बसवतात. साखळी फिरते तसे ते भिंतीभोवती फिरून मोजत जाते आणि माहिती विहिरीत फिरवत ठेवलेल्या चिखलातल्या दाबाच्या ठोक्यांनी वर येते. मुंबई हाय आणि हीरा या तेलक्षेत्रांत तळखडकातल्या भेगांमधूनही तेल निघते. अशा विहिरींत हा खर्च परवडतो. आपल्या बोअरमध्ये हॅमर मिनिटाला हजाराहून अधिक ठोके मारत असतो, धूळ आणि पाणी वेगाने वर फेकले जात असते. तिथे कॅमेरा टिकणार नाही. म्हणून ‘खोदताना पाहणे’ याचा इथला अर्थ टप्प्याने थांबून पाहणे असा घ्यायचा: ठरलेल्या खोलीवर थांबा, रॉड बाहेर काढा, भिंत पाहा, आणि आणखी खाली जायचे की नाही ते ठरवा. हा थांबा बोअर खोदणाऱ्या गाडीवाल्याशी दर ठरवतानाच बोलून घ्या. बिल फुटावर असते आणि उभी गाडी त्याला तोट्यात घालते, त्यामुळे आयत्या वेळी तो थांबणार नाही.

थांबायचे कुठे? एका मोठ्या पाण्याच्या थराखाली दोन रॉड, म्हणजे साधारण १२ मीटर, सलग कठीण काळा पाषाण लागला आणि पाणी वाढले नाही, की तो चांगला थांबा. दुसरा ६० मीटरच्या अलीकडे. महाराष्ट्र भूजल अधिनियम, २००९ मध्ये ६० मीटरपेक्षा जास्त खोल विहिरीला ‘खोल विहीर’ धरले आहे आणि तिच्यावर वेगळे निर्बंध आहेत.

वही: दर रॉडला पाच आकडे

प्रत्येक रॉडला पुढच्या गोष्टी लिहा: सुरुवातीची व शेवटची खोली, रॉड उतरायला लागलेली मिनिटे, चुऱ्याचा रंग, हॅमर दचकला किंवा एकदम खाली सरकला ती नेमकी खोली, आणि पाण्याचा विसर्ग.

मिनिटे फार बोलकी असतात. अखंड काळ्या पाषाणात रॉड एकसारख्या वेगाने, सावकाश उतरतो. सच्छिद्र, गारगोट्यांनी भरलेल्या खडकात, ज्याला विहीर खणणारे मांजऱ्या म्हणतात, तो झपाट्याने जातो. एकदम वेग वाढून पुन्हा कमी झाला तर तिथे भेग किंवा दोन थरांचा सांधा असण्याची शक्यता मोठी. चुरा दर ३ मीटरला घ्या, धुवून एका पाटीत ओळीने मांडा. हवा चुरा काही सेकंदांत वर आणते, म्हणून बोअर कोरडे असेपर्यंत चुऱ्याची खोली भरवशाची असते. भरपूर पाणी लागल्यावर वरून ढासळलेले खडेही त्यात मिसळतात, तेव्हा त्यावर फार विसंबू नका.

विसर्ग मोजायला ९० अंशांची व्ही-आकाराची खाच कापलेली पत्र्याची पेटी पुरते. खाचेच्या खालच्या टोकापासून पाण्याची उंची मोजायची, तीही खाचेच्या अगदी तोंडाशी नव्हे तर थोडे मागे, जिथे पाणी वाकलेले नसते. उंची २.५ सेंमी असेल तर तासाला सुमारे ४९० लिटर, ५ सेंमीला २,७७०, ७.५ सेंमीला ७,६५० आणि १० सेंमीला १५,७०० लिटर. उंची दुप्पट झाली की पाणी साडेपाच पटींहून अधिक वाढते, त्यामुळे अर्ध्या सेंटिमीटरची चूकही मोठी पडते. वरच्या थराचे पाणी खालच्या थरावरही वाहतच असते. म्हणून महत्त्व एकूण आकड्याला नाही, तर आधीच्या रॉडपेक्षा किती वाढ झाली त्याला आहे.

एक चूक जवळजवळ प्रत्येक वहीत सापडते. गाडीवाला रॉड मोजतो, हॅमर आणि बिटची लांबी धरत नाही. ती मीटरभर किंवा त्याहून जास्त असते. शिवाय २० फुटी रॉड ६.१ मीटरचा, पण तो ६ धरला की दहा रॉडला एक मीटर फरक पडतो. चित्रातली भेग वहीशी जुळत नाही असे वाटले, तर आधी हा हिशेब तपासा.

बोअर धुणे आणि पाणी निवळू देणे

शेवटच्या खोलीवर हॅमर थोडा वर उचलून नुसती हवा सोडा आणि पाणी स्वच्छ दिसेपर्यंत, किमान अर्धा तास, फुंकत राहा. भिंतीवर चिकटलेला राखाडी चुऱ्याचा लेप इथेच निघतो. तो राहिला तर बारीक भेगा चित्रात दिसतच नाहीत, आणि मग भिंत अखंड आहे असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

त्यानंतर २४ तास थांबा. पाणी निवळले का, हे पाहायला तळाजवळचे पाणी बादलीने काढून एका पारदर्शक बाटलीत भरा आणि बाटलीमागे वर्तमानपत्र धरा. अक्षरे वाचता आली तर कॅमेरा चालेल. लाव्हाच्या थरांमध्ये लाल मातीसारखा थर येतो, ज्याला भूवैज्ञानिक रेड बोल म्हणतात. तो बोअरमध्ये असेल तर तांबूस गढूळपणा दोन दिवसांतही बसत नाही. अशा वेळी तुरटी कामी येते. १६५ मिमीच्या बोअरमध्ये दर मीटरला सुमारे २१ लिटर पाणी असते. ६० मीटर उंचीच्या पाण्याला साधारण १,२८० लिटर. लिटरला ३० मिलिग्रॅम या मापाने ४० ग्रॅम तुरटी पुरते. ती बादलीभर पाण्यात विरघळवून बारीक पाइपने तळापासून वर येत येत सोडा. वरून ओतली तर वरचेच पाणी निवळते. पाहणी झाल्यावर हे पाणी उपसून टाका.

वाट पाहण्याच्या काळात बोअरचे तोंड वेल्ड केलेल्या किंवा बोल्ट लावलेल्या झाकणाने बंद ठेवा. गोणपाट किंवा फरशी चालणार नाही; केसिंगचे, म्हणजे बोअरच्या वरच्या भागात बसवलेल्या पाइपचे, १६५ मिमीहून रुंद तोंड लहान मूल आत पडायला पुरेसे असते.

कोणते उपकरण कशाला

साधा बोअर कॅमेरा खाली पाहतो, काहींना बाजूला वळणारे डोकेही असते. पाणी नेमके कुठून झिरपते, केसिंग कुठे फाटले, तळ किती भरला, हे त्यातून स्वस्तात कळते. भेगेचा उतार आणि दिशा मात्र त्यातून अचूक मिळत नाही.

ऑप्टिकल टेलिव्ह्यूअर भिंतीचा पूर्ण ३६० अंशांचा रंगीत फोटो घेतो आणि तो उलगडून सपाट पट्टी करून दाखवतो. कोरड्या बोअरमध्ये आणि निवळ पाण्यात तो उत्तम. रंग दिसतो म्हणून गंजाचा डाग, पोकळ्या आणि भेगांत भरणारे पांढरे खनिज जिओलाइट, लाल थर हे सगळे ओळखता येते. बेसाल्टसाठी एकच उपकरण निवडायचे झाले तर हेच निवडावे.

अकूस्टिक टेलिव्ह्यूअर आवाजाचे स्पंद भिंतीवर सोडून प्रतिध्वनी मोजतो. ही पद्धत १९६९ मध्ये तेलविहिरींसाठी मांडली गेली. गढूळ पाण्यातही ते चालते, पण पाण्याच्या पातळीच्या वर नाही. हवा सोडल्यावर लगेच उतरवले तर पाण्यातले बुडबुडे चित्र खराब करतात, तेव्हा इथेही काही तास थांबणे आले. त्याची खरी ताकद अशी की ते दोन चित्रे देते: प्रतिध्वनी किती जोराचा आला, आणि किती वेळाने आला. पहिल्या चित्रात काळी रेघ आणि दुसऱ्यात उशीर, असे दोन्ही असेल तर भेग उघडी आहे. काळी रेघ आहे पण उशीर नाही, तर ती मऊ पदार्थाने भरलेली किंवा केसासारखी बारीक असू शकते.

उतरवण्याआधी

उपकरणाच्याच व्यासाचा आणि लांबीचा लोखंडी पाइप आधी दोरीने तळापर्यंत सोडून वर घ्या. हा डमी अडला तर उपकरणही अडले असते. केसिंगच्या खालच्या तोंडाशी आणि लाल थराजवळ भिंत ढासळून दगड पुढे आलेला असतो. अडकण्याच्या जागा याच.

पिण्याच्या पाण्याच्या बोअरमध्ये जाणारी प्रत्येक वस्तू, केबलसह, ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने पुसा. एका बोअरमधले जिवाणू दुसऱ्यात नेण्याचा हा सोपा मार्ग असतो.

खोलीचे शून्य केसिंगच्या काठावर धरा आणि काठ जमिनीपासून किती वर आहे ते लिहा. वही जमिनीपासून मोजते, कॅमेरा काठापासून. ही अर्ध्या मीटरची तफावत पुढे सगळीकडे डोके वर काढते. वर आल्यावर शून्य पुन्हा वाचा. १०० मीटरमागे १०-१५ सेंमीपेक्षा जास्त फरक असेल तर केबलचे चाक ओल्या मातीने घसरते आहे. ते पुसा आणि फेरी पुन्हा करा.

टेलिव्ह्यूअर बोअरच्या मधोमध राहायला स्प्रिंगच्या पट्ट्या लावाव्या लागतात. १६५ मिमीसाठी लावलेल्या पट्ट्या केसिंगमधूनही सरकतात का ते वरच पाहा. उपकरण एका बाजूला कलले तर चित्रात वरून खाली जाणारे काळे-उजळ पट्टे येतात आणि नवखा माणूस त्यांना उभी भेग समजतो.

हिवाळ्यात सकाळी गार कॅमेरा बोअरच्या उबदार दमट हवेत गेला की काचेवर बाष्प धरते. दिवे चालू ठेवून तो दोन-तीन मीटरवर दहा मिनिटे थांबवा. पाण्यात गढूळपणा दिसला तर दिवे वाढवू नका, कमी करा. तीव्र प्रकाश कणांवरून परत येतो आणि पांढरे धुके दिसते.

फेरी

कॅमेरा खाली जाताना मिनिटाला ३ मीटर पुरे. पाण्याच्या पातळीच्या वर भिंतीवर ओल, थेंब किंवा धार दिसेल तिथे थांबून खोली बोलून रेकॉर्ड करा. ही पाण्याची थेट साक्ष असते, आणि पाण्याखाली गेल्यावर ती मिळत नाही. म्हणूनच शक्य असेल तर पाहणीआधी पातळी उपसून खाली नेलेली बरी.

ऑप्टिकल टेलिव्ह्यूअरची नोंद खाली जाताना घ्या, कारण उपकरण जाते तिथला गाळ ढवळतो. अकूस्टिकची वर येताना घ्या. केबल ताणलेली राहते आणि धक्के बसत नाहीत. वेग अंदाजाने ठेवू नका. उपकरण सेकंदाला १० फेरे घेत असेल आणि दर २ मिमीला एक फेरा हवा असेल, तर वेग सेकंदाला २० मिमी, म्हणजे मिनिटाला १.२ मीटर. ६० मीटरला पन्नास मिनिटे. घाई करून दुप्पट वेग घेतला की आडव्या बारीक भेगा गळतात, आणि बेसाल्टमध्ये पाण्याच्या दृष्टीने आडव्याच भेगा सर्वांत महत्त्वाच्या. आडव्या दिशेने बोअरचा परीघ ५१८ मिमी; एका फेऱ्यात ३६० बिंदू घेतले तर दर १.४ मिमीला एक बिंदू पडतो.

चित्र वाचणे

भिंत उलगडून सपाट केली की तिरकी भेग लाटेसारखी दिसते, आडवी भेग सरळ रेघ, आणि उभी भेग समोरासमोरच्या दोन उभ्या रेघा. लाटेचा माथा आणि तळ यांतली उंची मोजा, तिला व्यासाने भागा. त्या भागाकाराची टॅन्जंट असलेला कोन म्हणजे भेगेचा उतार. १६५ मिमीच्या बोअरमध्ये १४ मिमी उंचीची लाट म्हणजे ५ अंश, ६० मिमी म्हणजे २० अंश, १६५ मिमी म्हणजे ४५ अंश. लाटेचा सर्वांत खालचा बिंदू ज्या दिशेला असतो, तिकडे भेग उतरते. बोअर तिथे ढासळून २०० मिमी झाले असेल आणि तुम्ही १६५च धरले, तर ४५ अंशांची भेग ५० अंशांची दिसेल. म्हणून व्यास मोजणारी कॅलिपरची नोंद सोबत असावी.

दिशा होकायंत्राने ठरते आणि इथे बेसाल्ट फसवतो. लोखंडी केसिंगमध्ये आणि त्याखालच्या काही मीटरमध्ये दिशा निरर्थक असते, हे बहुतेकांना माहीत असते. पण बेसाल्टमध्ये मुळातच चुंबकी खनिजे आहेत. उपकरण चुंबकी क्षेत्राची एकूण तीव्रता नोंदवते. ज्या खोलीवर ती एकदम बदलते तिथल्या दिशेवर भरवसा ठेवू नका. उतार मात्र तिथेही बरोबरच राहतो.

आता खुणा. सच्छिद्र माथा, त्यावर लाल थर, आणि त्यावर पुन्हा घट्ट खडक, ही रचना दिसली की तो दोन लाव्हाथरांचा सांधा. लाल थर स्वतः पाणी फारसे देत नाही, उलट अडवतो. पाणी त्याच्या लगतच्या भेगाळलेल्या भागातून येते. भेगेच्या दोन्ही कडांना तपकिरी गंज किंवा झिजलेली फिकट किनार असेल तर तिथून पाणी फिरले आहे. पांढऱ्या जिओलाइटने किंवा कॅल्साइटने काठोकाठ भरलेली भेग बुजलेली समजा, कितीही ठळक दिसली तरी. सुटे पांढरे ठिपके म्हणजे भरलेल्या पोकळ्या, भेग नव्हे. समान अंतराने फिरत जाणारे चरे हे बिटचे. रॉड घासून पडलेली एका बाजूची उभी खाचही खडकाची नाही. फार खोल बोअरमध्ये, जसे कोयनेजवळ गोठणे इथे वैज्ञानिक अभ्यासासाठी घेतलेल्या सुमारे ३ किलोमीटरच्या छिद्रात, खडकावरच्या ताणाने भिंत समोरासमोर ढलपते. ६०-१०० मीटरच्या बोअरमध्ये तसे दिसले तर आधी मऊ थर ढासळल्याचा संशय घ्या.

भेगेची रुंदी चित्रातून मोजण्याचा मोह टाळा. बिटने कडा मोडून ती भिंतीपाशी रुंद केलेली असते. भेगेतून जाणारे पाणी रुंदीच्या घनाच्या प्रमाणात असते: रुंदी दुप्पट, तर पाणी आठपट. वाचनातली छोटी चूक इथे अंदाज पार उलटा करते.

आणखी एक मर्यादा उभ्या बोअरला जन्मजातच असते. खडकात दर मीटरला एक उभी भेग असली, तरी १६५ मिमीच्या उभ्या छिद्राला ती एखाद्या पातळीवर लागण्याची शक्यता साधारण सहात एक. चित्रात उभ्या भेगा दिसल्या नाहीत म्हणून त्या नाहीत असे लिहू नका. डाइकलगतच्या, म्हणजे खडकात भिंतीसारख्या घुसलेल्या लाव्हाच्या पट्ट्यालगतच्या, उभ्या भेगांवर बोअर घेतले असेल तर हे विशेष लक्षात ठेवावे.

वही आणि चित्र जुळवणे

समजा ६० मीटरचे बोअर आहे. वहीत २४ ते ३० मीटरमध्ये खाचेतली उंची शून्यावरून २.५ सेंमी झाली आणि ४२ ते ४८ मध्ये ती ५ सेंमी झाली. पुढे वाढ नाही. चित्रात सात भेगा आहेत: १९, २६.४, ३३, ३८, ४५.१, ५२ आणि ५७ मीटरवर. २६.४ला गंजाची किनार आणि ५ अंशांचा उतार, ४५.१ला सांधा. या दोन पाणी देतात, पहिली तासाला सुमारे ४९० लिटर, दुसरी सुमारे २,३००. ५२ची भेग सगळ्यांत रुंद दिसते, पण वहीत तिथे काही घडले नाही. ती भरलेली किंवा जवळच संपणारी असणार. खात्री हवी तर छोटा पंप पातळीजवळ लावून सावकाश उपसा चालू ठेवा आणि कॅमेरा ४५च्या थोडा वर व थोडा खाली स्थिर धरा. वरच्या बाजूला तरंगते कण वर सरकतात आणि खालच्या बाजूला स्तब्ध राहतात, तर प्रश्न मिटला.

मग काय ठरवायचे

केसिंग घट्ट खडकात किमान मीटरभर बसलेले दिसले पाहिजे. त्याच्या खालच्या तोंडातून माती किंवा गढूळ पाणी शिरताना दिसले तर केसिंग लांबवा आणि बाहेरची फट सिमेंटने भरा. हे काम पंप बसवण्याआधीच होते. मात्र वरची पाणी देणारी भेग केसिंगमागे जाणार नाही, याची खोली चित्रावरूनच पाहा.

पंप लाल थरासमोर कधीही ठेवू नका. गाळ ओढून तो लवकर खराब होतो. तळापासून ३ ते ६ मीटर वर ठेवा. पाणी पंपाच्या वरच्या भेगेतून येत असेल तर ते वरच ओढले जाते, खालच्या मोटरवरून वाहत नाही आणि मोटर तापते. अशा वेळी पंपाभोवती नळीसारखे आवरण बसवा, म्हणजे पाणी आधी मोटरवरून फिरून मग आत जाते.

पाणी कमी पडले तर जलभंजनाचा, म्हणजे दाबाने पाणी सोडून भेगा मोकळ्या करण्याचा, पर्याय असतो. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा हे तंत्र वापरते. यात रबरी पॅकर फुगवून बोअरचा भाग बंद करतात, आणि तो गुळगुळीत अखंड भिंतीवरच बसला पाहिजे. भेगेवर बसवला तर दाब बाजूने निसटतो किंवा रबर फाटते. वरच्या उदाहरणात ५२ आणि ५७च्या भेगा मोकळ्या करायच्या असतील, तर पॅकरची जागा ४७ ते ५०च्या दरम्यान, टेलिव्ह्यूअरच्या पट्टीवर किमान मीटरभर एकही रेघ नसलेली बघून ठरवा. आणि खालपर्यंत सगळा पाषाण बंद, वहीत वाढ नाही, भेगांत जिओलाइट, असे दिसले तर आणखी शंभर फूट खोदण्याचा आग्रह सोडून गाडी तिथेच थांबवा.